मांजरांच्या घरी सशाचा गृहप्रवेश

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का धरते यावर मी मागच्या वेळी लिहिलं, त्यावर पुष्कळ पत्रं आली. त्यातल्याच एका पत्राच्या शेवटी, ता. क. म्हणून, एका मैत्रिणीने विचारलंय, ‘‘आमच्याकडे दोन मांजरं आहेत. मुलगा सशासाठी हट्ट धरून बसलाय. आणू का? मांजरं त्याला काही करणार तर नाहीत?’’

पत्र वाचलं आणि मला हसू आलं. मग हसू कुठल्या कुठे गेलं. कारण हा धडा आमच्या घरात आम्ही चांगला पैसे मोजून आणि रात्र जागून शिकलो आहोत. तेव्हा आज लोणची-मुरांबे बाजूला ठेवू आणि सशाचंच बोलू.

तर झालं असं. माझ्या नणंदेच्या यजमानांची बदली झाली नागपूरला. बँकेची नोकरी, आज हुकूम आणि आठवड्यात हजर व्हा. सामान ट्रकने गेलं, माणसं रेल्वेने जाणार, राहिला तो त्यांचा दीड वर्षांचा ससा. पांढराशुभ्र, एका कानावर तेवढा तपकिरी डाग. नाव बत्ताशा. नणंद म्हणाली, ‘‘वहिनी, तुमच्याकडे दोन मांजरं आहेतच. त्यात आणखी एक. काही त्रास नाही हो त्याचा, ओरडत नाही की काही नाही.’’

ओरडत नाही, हेच तर खरं दुखणं! पण ते मला नंतर कळलं.

आमची मांजरं म्हणजे एक मनी, नऊ वर्षांची, दिवसाचे सोळा तास झोपणारी. आणि दुसरा बोक्या, दोन वर्षांचा, अंगणातल्या उंदरांचा कर्दनकाळ. रविवारी संध्याकाळी बत्ताशा आला. मुलांना कुठला धीर! टोपलीतून काढून त्याला बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं आणि दोन्ही मांजरांना आत सोडलं. थोरल्याने मोबाईल सरसावला. मनी आली, हुंगली, तोंड फिरवून गेली. बोक्या मात्र दोन हातांवर दबा धरून बसला, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. आणि बत्ताशा? जागचा हलला नाही. अगदी शहाण्या मुलासारखा बसून राहिला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘बघा, कसा गुणी आहे. लगेच रुळला.’’ मुलांनी टाळ्या पिटल्या. मीही मनात म्हटलं, चला, एक काम झालं.

सोमवारी सकाळी बघते तर वाटीतली कोथिंबीर तशीच. गवत तसंच. आणि खोक्यात लेंडी म्हणून नाही. मी म्हटलं, नवी जागा आहे, घास उतरत नसेल, भूक लागली की खाईल. मला दुपारची शाळा. सहावीच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, त्या घेऊन मी निघून गेले. संध्याकाळी पाचला परत येते तर बत्ताशा कोपऱ्यात पाठीला कुबड काढून बसलेला, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दात करकर वाजवतोय. धाकटी म्हणाली, ‘‘आई, तो बारीक झालाय.’’

ह्यांनी स्कूटर काढली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं, कानाला नळी लावून पोटाचा आवाज ऐकला आणि विचारलं, ‘‘शेवटचं कधी खाल्लं?’’ मी बोटं मोजली. चोवीस तास होत आले होते. ते म्हणाले, ‘‘ताई, सकाळीच यायला हवं होतं. आणखी एक रात्र काढली असतीत तर बहुधा हाती लागला नसता.’’

त्यांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण हे माहीत नसताना ससा पाळणं म्हणजे आगीशी खेळ. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दिवसभर थोडं थोडं गवत पोटात जात राहिलं, तरच ते चालतं. ससा घाबरला की आतड्याची चाल मंदावते, आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. बरं, सशाला उलटीही होत नाही, की पोट मोकळं होईल. दहा-बारा तास ससा काही खात नाही आणि लेंड्याही टाकत नाही असं दिसलं, तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टर गाठायचा.

‘‘पण तो तर किती शांत बसला होता!’’ मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘शिकारी जनावराची नजर हालचालीवर असते. म्हणून घाबरलेला ससा दगडासारखा निश्चल होतो. तो रुळला नव्हता, तो जीव मुठीत धरून बसला होता.’’

घरी आल्यावर थोरल्याने घेतलेलं ते मोबाईलमधलं चित्रण मी पुन्हा लावून पाहिलं. आणि मैत्रिणींनो, आदल्या दिवशी ज्याला आम्ही टाळ्या पिटल्या, तेच आता बघवेना. कान पाठीला घट्ट चिकटलेले. डोळे बाहेर आल्यासारखे, कडेचा पांढरा भाग दिसतोय. अंग आखडलेलं आणि नाकपुड्या भात्यासारख्या चाललेल्या. सगळं समोर दिसत होतं. आम्ही बघितलं नाही, एवढंच.

डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबण्याचं आणि आतडं चालू होण्याचं औषध दिलं. आतडं कुठे अडलेलं नाही ना, हे तपासून मग पातळ अन्न दर तीन तासांनी पिचकारीने तोंडाच्या कडेने भरवायला सांगितलं. (हे भरवणं डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच करायचं. आतडं अडलेलं असेल तर भरवल्याने जीव जातो.) त्या रात्री ह्यांना मी झोपायला पाठवलं, कारण सकाळची पाळी. मी आणि सासूबाई माजघरात बसलो. त्या बत्ताशाला पंचात गुंडाळून धरायच्या, मी थेंब थेंब भरवायची.

रात्री दोनचा सुमार असेल. सासूबाई त्याच्या कपाळावरून बोट फिरवीत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘‘मी ह्या घरात आले ना, तेव्हा मीसुद्धा आठ दिवस अशीच भिंतीला टेकून बसले होते. येणारे-जाणारे म्हणायचे, सून गुणाची आहे, लगेच रुळली. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण ताटात कुणी डोकावून बघितलं नाही.’’

मी पिचकारी खाली ठेवली. बारा वर्षं झाली मला ह्या घरात येऊन, पण हे त्या पहिल्यांदाच बोलल्या. काय म्हणावं सुचेना. मी चहा टाकला, दोघींनी घेतला.

पहाटे पाचला खोक्यातल्या कागदावर चार लेंड्या दिसल्या. मसुराएवढ्या! सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि मी ह्यांना झोपेतून उठवून ती बातमी सांगितली. घरात बारसं असल्यासारखा आनंद झाला. लेंड्यांचं इतकं कौतुक मी जन्मात कधी केलं नव्हतं.

असो. आता कामाचं बोलू. बत्ताशा आठ दिवसांत हिंडू-फिरू लागला. मग डॉक्टरांना विचारून आम्ही ओळखीचा कार्यक्रम पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू केला, आणि या खेपेला घाई केली नाही.

पहिली पायरी, वेगळी खोली. नव्या सशाला निदान आठ-दहा दिवस अशी जागा द्या, की जिथे मांजर येणारच नाही. दार बंद, कडी लावलेली. मोठा पुठ्ठ्याचा खोका उपडा घालून त्याला दोन बाजूंना दोन भोकं पाडा. दोन कशाला? एका दारातून शत्रू आला तर दुसऱ्या दारातून पळता यावं म्हणून. एकच दार असलं तर ती लपण्याची जागा राहत नाही, सापळा होतो. ससा मोकळेपणी खाऊ लागला, अंग चाटू लागला, पाय ताणून कुशीवर पडू लागला, की समजा, जागा त्याची झाली. त्याआधी पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी, वासाची ओळख. माणसं चेहऱ्याने ओळखतात, ही जनावरं वासाने. एक जुना पंचा मनीच्या गालांवरून फिरवला आणि सशाच्या खोलीत, त्याच्या वाटीपासून दूर ठेवला. दुसरा बत्ताशाच्या अंगावरून फिरवून मांजरांच्या बाजूला ठेवला. पहिल्या दिवशी बत्ताशाने मागचा पाय धाडकन आपटला. हा सशाचा धोक्याचा इशारा. चौथ्या दिवशी त्याच पंचावर तो पाय पसरून बसला.

तिसरी पायरी, जाळीआडची भेट. ह्यांनी लाकडी चौकटीला कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी ठोकून दारात बसवली. जाळी पक्की हवी आणि भोकं इतकी बारीक, की मांजराचा पंजा आत जाऊ नये. अलीकडे मांजरांना मासळीचा तुकडा, पलीकडे सशाला कोथिंबीर, आणि सुरुवातीला दोघांच्या वाट्या जाळीपासून चांगल्या लांब. रोज एक एक वीत पुढे. कुणी जेवण सोडून टक लावून बघायला लागलं, की दुसऱ्या दिवशी दोन विती मागे. आमचे यात तीन आठवडे गेले. तुमचे दोन जातील किंवा सहा. कॅलेंडर बघायचं नाही, जनावर बघायचं.

चौथी पायरी, एका खोलीतली भेट. आधी मांजराची नखं कापा, त्याला पोटभर जेवू घाला, दोरीच्या मागे पळवून दमवा. पेंगुळलेलं मांजर हे सगळ्यात सभ्य मांजर. दोन मोठी माणसं हवीत, एक मांजरापाशी आणि एक सशापाशी. मुलांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवा. सशाला जमिनीवर मोकळं सोडा, मांडीवर घट्ट धरून मांजराला ‘दाखवू’ नका. धरलेल्या सशाला पळता येत नाही, म्हणून तो जास्त घाबरतो. त्याचा दोन दारांचा खोका जवळच असू द्या. एक जाड चादर हाताशी ठेवा. वेळ आली तर ओरडायचं नाही, दोघांमध्ये चादर टाकायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. भेट गोडीत संपवा.

आता कुणाचा चेहरा कसा वाचायचा ते सांगते. मांजराची शेपटी सैल, डोळे मिचमिचे, नजर इकडेतिकडे, तर काळजी नाही. पण अंग जमिनीसरसं, बाहुल्या मोठ्या, नजर सशावरून हलत नाही, शेपटीचं टोक वळवळतंय, मागचा भाग डोलायला लागला, की तो झेप घेण्याआधीचा क्षण! तिथेच भेट संपवा. सशाचं मी वर सांगितलंच, कान पाठीला चिकटले, अंग आखडलं की तो घाबरलाय. ससा इकडेतिकडे हुंगतोय, खातोय, अंग चाटतोय, तर बरं चाललंय. आनंदात आला की तो हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो, ते पाहायला मजा वाटते. दातांचं हळू वाजणं समाधानाचं, करकर वाजणं दुखण्याचं.

आणि कितीही गट्टी जमली, तरी दोघांना एकटं सोडून बाजारात जाऊ नका. रात्रीही वेगवेगळं ठेवा. मांजराच्या तोंडात आणि नखांत असे जंतू असतात, की एवढासा ओरखडाही सशाच्या जिवावर बेतू शकतो. वरून जखम दिसत नसली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने औषध तर मुळीच नको. माणसांना सर्रास देतात ते अमॉक्सिसिलीन सशाच्या पोटात गेलं तर ते विष ठरतं. मांजराच्या मानेवर पिसवांसाठी औषधाचे थेंब घालतो, त्यातलं फिप्रोनिल सशाला घातक. एकाच घरात दोघं असली, तर पिसवांचं औषध घेताना ‘घरी ससाही आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वाट्याही वेगळ्या. मांजराचा मासळी-भात सशाला चालत नाही. सशाचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, ते त्याच्यापुढे चोवीस तास हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, गवत चघळूनच ते झिजतात. जोडीला कोथिंबीर, मेथी, गाजराचा पाला, औषध न फवारलेली हरळी. गाजर मात्र चवीपुरतंच, त्यात साखर असते. पोळी, पाव, बिस्कीट, कांदा-लसूण नको. आणखी एक. मांजराला गवताच्या ढिगात घाण करायची भारी हौस. त्या गवताची काडीही सशाच्या तोंडी जाऊ देऊ नका, त्यातून रोग जातो. सशाचं गवत उंचावर जाळीत टांगून ठेवा, म्हणजे प्रश्न मिटला.

ससा उचलायचा तो एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन. कान धरून कधीही नाही. बिचकून त्याने मागचे पाय झाडले, तर त्याचा कणाच मोडू शकतो, इतकी त्याची हाडं नाजूक.

ससा आणायचाच असेल तर कसला आणावा? अगदी पिल्लू नको. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडलेलं असतं, ते आधीच अर्धमेलं, आणि मांजराच्या डोळ्यांना ते उंदराएवढंच दिसतं. दीड-दोन किलोचा, वाढलेला ससा असेल तर मांजरसुद्धा दोनदा विचार करतं. आमच्या सांगलीकडे ऊसतोडीच्या वेळी फडात सशाची पिल्लं सापडतात आणि मुलं ती उचलून आणतात. ते करू नका. तो रानससा, त्याची जातच वेगळी, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही. आई जवळपासच असते, पिल्लू तिथेच राहू द्यावं.

आता तुम्ही विचाराल, मग तुमच्याकडे शेवटी जमलं का? अर्धं जमलं. मनी आणि बत्ताशा यांचं आता झकास आहे. दुपारी उन्हाच्या तिरिपेत एकाच सतरंजीवर पडतात, तो तिची वाटी हुंगायला गेला तर तीच उठून जाते. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणतात, पण एकदा भीती गेली की ससा काय दादागिरी करतो, ते आमच्याकडे येऊन बघा! बोक्याचं मात्र नाही जमलं. चार महिने झाले, अजून त्याची नजर बदलत नाही, आणि ती बदलेल अशी आशाही मी सोडली आहे. उंदीर मारतो म्हणून ज्याचं कौतुक केलं, त्याने सशापुढे साधू व्हावं, हा हट्ट कशाला? जाळी कायमची झाली. बोक्या जाळीच्या अलीकडे, बत्ताशा पलीकडे. दोघंही धडधाकट आहेत, घरात शांतता आहे, आणि मला तेवढं पुरतं. घरातल्या सगळ्यांचं सगळ्यांशी जमलंच पाहिजे, हा आग्रह मी आता माणसांच्या बाबतीतही धरत नाही.

तेव्हा पत्रातल्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. वेगळी खोली देता येत असेल, महिना-दीड महिना धीर धरता येत असेल, आणि सशांची माहिती असलेला डॉक्टर गावात असेल (सगळ्यांना ती असतेच असं नाही, आधी विचारून घ्या), तर ससा जरूर आणा. नसेल, तर मुलाला समजावून सांगा. तो दोन दिवस रुसेल आणि तिसऱ्या दिवशी विसरेल.

आणि आणलात, तर तो किती शहाण्यासारखा बसलाय, यावर विसंबू नका. पहिले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्या वाटीत डोकावून बघा.